इंजिन ऑइल कूलर (शहरी वाहनांसाठी निवड)

इंजिन ऑइल कूलर हे अंतर्ज्वलन इंजिनातील वंगणतेलाची अतिरिक्त उष्णता बाहेर टाकणारे उपकरण आहे. रेडिएटर शीतद्रवाला थंड करतो, तर ऑइल कूलर तेलाला. शहरातील थांबत-थांबत होणाऱ्या वाहतुकीसाठी याची निवड करताना महामार्गावरील वाहनांपेक्षा वेगळे निकष लागू होतात. चुकीची निवड केल्यास इंजिनाचे संरक्षण होण्याऐवजी झीज वाढू शकते.

कार्य

इंजिन ऑइल घर्षण कमी करते, तसेच शीतद्रव जेथे पोहोचत नाही तेथील उष्णता वाहून नेते. पिस्टनचा खालचा भाग, क्रँकशाफ्टची बेअरिंगे आणि टर्बोचार्जर ही अशी ठिकाणे होत. तापमान वाढले की तेलाची श्यानता, म्हणजेच दाटपणा, घटते व बेअरिंगमधील तेलाचा थर पातळ होतो. अतितापमानात तेलाचे ऑक्सिडीकरणही वेगाने होते. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की ऑक्सिडीकरणाचा वेग साधारण दुप्पट होतो, असा स्थूल नियम मानला जातो.

तेल फार थंड राहणेही हानिकारक असते. ज्वलनातून तयार झालेली पाण्याची वाफ व न जळलेले इंधन थोड्या प्रमाणात तेलात मिसळते. तेल पुरेसे तापले तरच ते बाष्परूपाने निघून जाते, अन्यथा तेलात गाळ साचतो. बहुतेक इंजिनांत ९० ते ११० अंश सेल्सिअस हे तेलाचे योग्य तापमान समजले जाते.

प्रकार

हवेने थंड होणारा कूलर: यात पातळ नळ्या व त्यांभोवती ॲल्युमिनियमच्या पत्र्या असतात. तो वाहनाच्या पुढील भागी बसवतात. त्याची क्षमता वाऱ्याच्या झोतावर अवलंबून असते. पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीच्या पल्सर २२० या मोटारसायकलीत, तसेच रॉयल एनफिल्डच्या ६५० सीसी मोटारसायकलींत असा कूलर आहे.

शीतद्रवाने थंड होणारा कूलर: यात तेल व शीतद्रव एकमेकांत न मिसळता लगतच्या पट्ट्यांमधून वाहतात. तो बहुधा ऑइल फिल्टरजवळ असतो व अनेक डिझेल मोटारगाड्यांत कंपनीकडूनच बसवून येतो. इंजिन थंड असताना शीतद्रव लवकर तापतो, त्यामुळे हाच कूलर सुरुवातीस तेलाला ऊबही देतो.

शहरी वाहतुकीतील परिस्थिती

शहरात दोन परस्परविरोधी अडचणी संभवतात. छोट्या अंतराच्या फेऱ्यांत तेल पुरेसे तापतच नाही. याउलट वाहतूक कोंडीत इंजिन चालू राहते, पण वाऱ्याचा झोत नसल्याने हवेवर चालणारा कूलर जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

समुद्रपूर तालुक्यातील जाम येथून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने नागपूरला जाणारे वाहन हे याचे सोपे उदाहरण होय. महामार्गावर इंजिनाला काम अधिक पडते, पण वाराही भरपूर मिळतो. तेच तापलेले वाहन नागपुरात सिग्नलवर उभे राहिले की पंख्याविना असलेल्या कूलरमधून फारच थोडी उष्णता बाहेर पडते.

हवामानाचा परिणाम

कूलरने बाहेर टाकलेली उष्णता तेल व हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या साधारण प्रमाणात असते. तेल ११० अंशांवर व हिवाळ्यातील पहाटेची हवा १५ अंशांवर असेल, तर फरक ९५ अंशांचा असतो. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेल्यास तो ६५ अंशांवर येतो. म्हणजे तोच कूलर तेवढ्याच वाऱ्यात सुमारे दोन-तृतीयांश काम करतो. २३ मे २०१३ रोजी नागपूर येथे ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती. त्यामुळे विदर्भासाठी निवड करताना मे महिन्यातील दुपार व डिसेंबरमधील पहाट या दोन्ही टोकांचा विचार करावा लागतो.

निवडीचे निकष

तापमानाची मोजणी: बहुतेक वाहनांतील काटा शीतद्रवाचे तापमान दाखवतो, तेलाचे नव्हे. म्हणून प्रथम तेलाचे तापमान प्रत्यक्ष मोजणे आवश्यक असते. ते ११० अंशांच्या आत राहत असल्यास जादा कूलरची गरज नसते. ते वारंवार १२० अंशांपलीकडे जात असल्यास आधी तेलाची पातळी, कंपनीने सांगितलेली प्रत, रेडिएटर व पंखा तपासावा आणि त्यानंतरच कूलरचा विचार करावा.

थर्मोस्टॅट: शहरी वापरात हा अनिवार्य समजावा. तेल साधारण ८० ते ९० अंशांवर पोहोचेपर्यंत तो कूलरकडे जाणारा प्रवाह मर्यादित ठेवतो.

प्रकार व पंखा: रोजचा प्रवास मुख्यतः कोंडीतून असल्यास शीतद्रवाचा कूलर किंवा विजेच्या पंख्यासह हवेचा कूलर उपयुक्त ठरतो.

आकार: मोठा कूलर नेहमीच चांगला असे नाही. आकारासोबत तेलाचे प्रमाण व प्रवाहातील अडथळा वाढू शकतो आणि अरुंद नळ्यांमुळे तेलाचा दाब घटण्याचा संभव असतो.

वॉरंटी: नवीन वाहनात बाहेरून कूलर बसवण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी पाहणे इष्ट ठरते.

बसवणी व देखभाल

प्रत्येक जादा जोड ही गळतीची संभाव्य जागा असते. नळी फुटल्यास तेल अल्पावधीत वाहून जाते व इंजिन जाम होऊ शकते. म्हणून तेलाचा दाब व उष्णता सहन करणाऱ्या नळ्याच वापराव्यात आणि त्या तापणाऱ्या वा घासणाऱ्या भागांपासून दूर ठेवाव्यात. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावे.

पत्र्यांमध्ये अडकणारी धूळ, किडे व कापसाचे तंतू कमी दाबाच्या पाण्याने धुवावेत, कारण जोरदार फवाऱ्याने पत्र्या वाकतात. शीतद्रवाच्या टाकीत तेलाचा तवंग दिसणे किंवा इंजिन ऑइल दुधाळ होणे ही कूलरमधील अंतर्गत गळतीची लक्षणे असू शकतात. अशा वेळी तपासणी होईपर्यंत वाहन चालवू नये.

हेही पहा

रेडिएटर
वंगण
अंतर्ज्वलन इंजिन
थर्मोस्टॅट