गाडी मागून का बसत नाही?

कोरीटहून नंदुरबारच्या मिरची बाजाराकडे एक मोटरसायकल निघाली आहे. वेग घेताना वजन मागच्या चाकावर सरकते. मग गाडीचे बूड खाली बसायला हवे. पण मोकळी गाडी फारशी बसत नाही. असे का?

मागचे चाक ज्या दांडीला असते, ती पुढच्या टोकाला एका खिळीभोवती फिरते. आपण या खिळीभोवतीची परिबले (बल गुणिले अंतर) मोजू या. आकडे सोयीचे घेऊ.

रस्ता चाकाला 600 न्यूटन बलाने पुढे ढकलतो. खीळ जमिनीपासून 40 सेंमी उंच, म्हणून परिबल 240 न्यूटन-मीटर. ते चाक खाली रेटते, म्हणजेच बूड उचलते. चाकाची त्रिज्या 30 सेंमी, दातेरी चक्राची 9. म्हणून साखळीचा वरचा पदर 2000 न्यूटनने ताणला जातो. तो खिळीच्या 4 सेंमी वरून जातो: उलट दिशेने 80. उरले 160.

गुरुत्वमध्य 60 सेंमी उंच आणि चाकांतले अंतर 125 सेंमी असेल, तर 288 न्यूटन वजन मागे सरकते. चाक खिळीच्या 50 सेंमी मागे, म्हणून बसवणारे परिबल 144. हिशेब जवळपास फिटला!

मागे पोते बांधले की गुरुत्वमध्य वर जातो, खीळ खाली येते. मग गाडी बसते. शिवाय दोन्ही चक्रांचे मध्य आणि खीळ एका रेषेत आले की साखळी सर्वांत ताठ होते. म्हणून रिकाम्या गाडीची साखळी करकचून आवळू नये. ओझ्याखाली ती तुटू शकते.

शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीवर ही अंतरे मुलांना टेपने मोजू द्या. तुमचा हिशेब कुठे झुकतो?