सीमारेषेबाहेरची नोकरी

मुंबईचे वानखेडे स्टेडियम तिकिटांच्या भांडणातून उभे राहिले. त्याआधी शहरातले कसोटी सामने ब्रेबॉर्नवर होत. मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे आणि सामना भरवणार मुंबईची क्रिकेट संघटना. संघटनेच्या वाट्याला किती जागा, यावरून दोघांत वारंवार वाजे. अखेर संघटनेचे शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर स्वतःचे स्टेडियम बांधायला घेतले आणि वर्ष-सव्वा वर्षात ते उभेही केले. जानेवारी 1975 मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. त्या सामन्यातले क्लाईव्ह लॉइडचे नाबाद 242 क्रिकेटवेडे आजही सांगतात. निधी कुणी जमवला, कंत्राटदाराच्या मागे कोण लागले, खुर्च्या वेळेत कशा आल्या, हे मात्र कुणी सांगत नाही. तीच कामे आता क्रीडा व्यवस्थापन या नावाने महाविद्यालयात शिकवली जातात.

अमेरिकेत हा विचार आधी झाला. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी 1957 मध्ये जेम्स मेसन या प्राध्यापकांना पत्र लिहून विचारले होते, की क्रीडासंस्था चालवण्याचे शिक्षण घेतलेली माणसे मिळतात कुठे? त्या धाग्यातून 1966 मध्ये ओहायो विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला.

आपल्याकडे उलटे घडले. आधी धंदा आला, वर्ग मागाहून भरले. सुनील गावसकर आणि सुमेध शहा यांनी 1985 मध्ये ‘प्रोफेशनल मॅनेजमेंट ग्रुप’ काढला, तेव्हा या विषयाची पदवी देशात ऐकिवातही नव्हती. मग 2008 मध्ये आयपीएल आली आणि आकडेच बदलले. 2023 ते 2027 या पाच हंगामांचे प्रसारण हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. सामन्यामागे हिशोब केला तर शंभर कोटींच्या वर. एवढा पैसा गुंतला की करार वाचणारे वकील, प्रायोजक आणणारे विक्रेते, आकडेमोड करणारे विश्लेषक आणि प्रवासाची आखणी करणारे व्यवस्थापक, सगळेच लागतात.

क्रिकेटपाठोपाठ 2014 मध्ये वरळीच्या डोममध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला. यू मुंबा विरुद्ध जयपूर. मॅट, प्रकाशझोत, 30 सेकंदांची चढाई आणि घरबसल्या पाहणारा कोट्यवधींचा प्रेक्षक. मातीतला खेळ दूरचित्रवाणीच्या चौकटीत बसवणे हे या क्षेत्रातले बहुधा सर्वांत देखणे भारतीय काम.

क्रीडा व्यवस्थापन शिकवणारी मुंबईतली आयआयएसएम ही संस्था 2010 मध्ये सुरू झाली. तिचे संस्थापक डोंबिवलीचे नीलेश कुलकर्णी. 1997 मध्ये कोलंबोत कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर त्यांनी बळी घेतला होता. (त्याच डावात श्रीलंकेने पुढे 952 धावा काढल्या आणि कुलकर्णींना 70 षटकांत दुसरा बळी मिळाला नाही. धीर नावाचा विषय त्यांनी मैदानावरच पूर्ण केला असणार.) संस्थेला 2020 चा राष्ट्रीय खेल प्रोत्साहन पुरस्कार मिळाला. पुण्यात सिम्बायोसिसकडे क्रीडा व्यवस्थापनातले एमबीए आहे. विपणन, क्रीडा कायदा, वित्त, स्पर्धा-आयोजन, स्टेडियमची देखभाल असे विषय असतात.

पण खेळाचे वेड एवढ्या भांडवलावर कुणी इथे येऊ नये. सामन्याच्या दिवशी नवख्याच्या वाट्याला येते ते ओळखपत्रे वाटणे, संघाची बस वेळेवर आणणे, प्रायोजकाचा फलक कॅमेऱ्यात नीट दिसतो ना हे पाहणे आणि पास न मिळालेल्या बड्या पाहुण्याची समजूत काढणे. सामना चालू असतो आणि याची मैदानाकडे पाठ असते. गावच्या कबड्डी स्पर्धेत पावतीपुस्तक घेऊन फिरलेल्या, पंचांच्या जेवणापासून मंडपाच्या बिलापर्यंत सगळे निभावलेल्या मंडळाच्या कार्यकर्त्याला हे काम लवकर जमते. त्याने तो अनुभव अर्जात लिहायला लाजू नये.

नोकरीची शाश्वती हा मात्र दुखरा भाग आहे. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचे ड्रीम11 या अशाच खेळांच्या प्रायोजक कंपनीचे नाव करार संपण्याआधीच उतरले. त्याच वर्षी जुलैमध्ये हक्कांच्या कराराचा पेच सुटेना म्हणून इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा हंगाम रोखून धरला गेला. एफसी गोवासारखा स्थिरावलेला क्लबही त्यातून सुटला नाही. खेळाडू आणि प्रशिक्षकांइतकेच कार्यालयातले लोकही टांगणीला लागले.

दुसरीकडे 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे. तिथे हजारो हात लागतील, त्यातली बरीच कामे स्पर्धेपुरती असतील. तेव्हा शुल्क भरण्याआधी पालकांनी संस्थेला दोन प्रश्न जरूर विचारावेत: गेल्या तुकडीतल्या मुलांनी प्रत्यक्ष कोणत्या स्पर्धांवर काम केले, आणि आज ती कुठे, किती पगारावर आहेत? उत्तरात फक्त प्रसिद्ध खेळाडूंसोबतचे फोटो दाखवले गेले, तर प्रवेशाची घाई करू नये.