प्लॉट घेताय? आधी सातबारा वाचा

दसरा-पाडवा जवळ आला की पुण्यात सोन्याच्या जाहिरातींच्या बरोबरीने प्लॉटच्या जाहिराती येऊ लागतात. सकाळचे वर्तमानपत्र उघडावे तो त्यातून एक गुळगुळीत रंगीत कागद खाली पडतो. त्यावर डोंगर, तळे, टुमदार बंगला आणि झोपाळ्यावर बसलेली हसतमुख गृहिणी! शहरापासून अवघ्या पंचवीस मिनिटांवर, एक गुंठ्यापासून पुढे, सुलभ हप्ते. फ्लॅटचे भाव ऐकून दमलेल्या माणसाला हा कागद फेकून देववत नाही. रविवारी जागा दाखवायला गाडी येते, चहा-वडे होतात आणि परत येईतो यजमान इसार देऊन मोकळे झालेले असतात. उरलेल्या रकमेसाठी मग आपल्या पाटल्यांकडे आणि भिशीकडे नजर वळते.

म्हणजे पैसा घरातल्या बाईचाही असतो, पण कागद मात्र तिने पाहिलेला नसतो. "मला काय त्यातलं कळतंय, ह्यांनी बघितलंय सगळं," हे वाक्य मी शाळेतल्या शिक्षिकांच्या तोंडून आणि शेजारणींकडून किती वेळा ऐकले असेल! खरे सांगायचे तर सातबारा वाचणे हे स्वेटरचा नमुना वाचण्यापेक्षा मुळीच अवघड नाही.

आधी मापे पाहू. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद जागा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एक एकर. सातबाऱ्यावर मात्र गुंठे लिहिलेले नसतात, तिथे हेक्टर आणि आर असतात. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, आणि एक आर म्हणजे गुंठ्याहून किंचित कमी. तेव्हा सातबाऱ्यावर ०.०२ असे दिसले तर ते दोन आर, म्हणजे जवळजवळ दोन गुंठे असे समजावे.

आता मुख्य मुद्दा. जाहिरातीतला प्लॉट स्वस्त का असतो? कारण बहुतेक वेळा तो प्लॉट नसतोच, ते शेत असते. चुन्याच्या फक्क्या मारून, दगड रोवून त्याचे चौकोन पाडलेले असतात इतकेच. आणि शेताचे असे दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे करून विकायला आपल्या राज्यात १९४७ पासून बंदी आहे. त्याला तुकडेबंदीचा कायदा म्हणतात. प्रत्येक भागासाठी शासनाने एक प्रमाणभूत क्षेत्र ठरवलेले असते, त्याहून लहान तुकडा वेगळा काढून विकता येत नाही. पूर्वी हे क्षेत्र तालुक्या-तालुक्यात वेगळे होते. ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे केले आहे.

मग दोन गुंठे विकतात ते कसे? माझ्या परिचयातल्या एका बाईंचेच उदाहरण सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हवेली तालुक्यात त्यांनी असे दोन गुंठे घेतले. विकणाऱ्याने अर्ध्या एकराचे एकच खरेदीखत नऊ जणांच्या नावे केले. प्रत्येकी दोन गुंठे, उरलेले दोन गुंठे रस्त्याला. खरेदीखत रीतसर नोंदवलेले, मुद्रांक शुल्क भरलेले, सातबाऱ्यावर नऊही जणांची नावे लागलेली. सगळे कसे चोख! पण सातबाऱ्यावर होते ते नऊ जणांचे सामाईक क्षेत्र. बाईंचे दोन गुंठे नेमके कुठले, पूर्वेकडचे की ओढ्याकाठचे, हे सरकारी नकाशात कुठेही नव्हते. ते फक्त विकणाऱ्याने वहीच्या कागदावर काढून दिलेल्या चित्रात होते.

पुढे यजमान अचानक गेले. मुलीच्या शिक्षणासाठी बाईंनी जागा विकायला काढली. गिऱ्हाईक मिळाले, भावही बरा ठरला. पण गिऱ्हाइकाच्या वकिलांनी सांगितले, उरलेल्या आठ जणांची संमती आणा. त्यातले एक गृहस्थ परदेशी, एक वारलेले आणि त्यांचे पाच वारस एकमेकांशी बोलत नाहीत. एकाने रस्त्यासाठी सोडलेल्या जागेतच संडास बांधलेला! बँकेने त्या जागेवर कर्ज द्यायला आधीच नकार दिला होता. शेवटी मुलीच्या शिक्षणासाठी बाईंनी राहते घर गहाण टाकले. दोन गुंठे अजून तिथेच आहेत, गवत वाढते आहे.

तुम्ही म्हणाल, सरकारला लोकांच्या दोन गुंठ्यांचे एवढे काय पडले आहे? ह्या कायद्याचे मूळ शोधायला गेले तर ते आपल्या पुण्याच्या अंगणातच सापडते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन ह्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पिंपळे सौदागर ह्या गावाचा घर न् घर, शेत न् शेत अभ्यास केला आणि १९१७ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांना काय दिसले? १७७१ च्या सुमारास त्या गावात एकेका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. शिवाय ती सात एकरही एका जागी नाही. वाटण्या होता होता निम्म्याहून जास्त तुकडे एकराहूनही लहान झालेले. बैल वळवायला जागा नाही, विहीर खणायची तर कोणाच्या तुकड्यात! असे तुकडे पडत राहिले तर शेती बुडेल, ह्या काळजीतून पुढे हा कायदा झाला. त्याच पिंपळे सौदागरमध्ये आज उंचच उंच इमारती आहेत, हा दैवाचा खेळ म्हणायचा.

परदेशातही हे नियम आहेत, आणि आपल्याहून कडक आहेत. अमेरिकेत अशा परवानग्या काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी, देते. तिथल्या ऑरेगॉन राज्यात शेतीसाठी राखलेल्या जमिनीचा नवा तुकडा साधारणपणे ८० एकरांहून लहान पाडता येत नाही. आपले दहा गुंठे ऐकून तिथला शेतकरी हसेल.

शेतजमिनीवर घर बांधायचे तर तुकडेबंदीच्या जोडीला आणखी दोन गोष्टी येतात. एक म्हणजे बिगरशेती, ज्याला आपण सगळे 'एन.ए.' म्हणतो. ही तरतूद १९६६ च्या जमीन महसूल संहितेत आहे, अलीकडच्या वर्षांत शासनाने तिची पद्धत बरीच सोपी केली आहे. दुसरी म्हणजे ती जागा आराखड्यात कोणत्या रंगात आहे. हिरव्या पट्ट्यात असेल तर ती शेतीसाठी राखलेली, तिथे वसाहत उठवता येत नाही. पिवळा म्हणजे निवासी. हा रंग सांगणारा कागद म्हणजे झोन दाखला. तो जागा ज्यांच्या हद्दीत येते त्या कार्यालयात मिळतो. महापालिकेच्या हद्दीत महापालिका, भोवतालच्या गावांत २०१५ साली स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महापालिकेत आली, त्यातून पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर काढली. तेव्हा जागा आज कोणाच्या हद्दीत आहे हे आधी विचारावे. विकणारा "पुढच्या वर्षी पिवळा होणारच आहे हो" असे म्हणाला, तर पिवळा झाल्यावर या असे त्याला सांगावे!

खरा मंजूर प्लॉट कसा ओळखायचा? त्याचा मंजूर रेखांकन नकाशा असतो. त्यात रस्ते दाखवलेले असतात, मोकळी जागा सोडलेली असते आणि आपल्या प्लॉटला क्रमांक असतो. शिवाय ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेचे प्लॉट पाडून विकणाऱ्याला २०१७ पासून महारेराकडे नोंदणी करावी लागते. तो क्रमांक जाहिरातीत छापलेला नसेल तर का नाही म्हणून विचारायला लाज कसली?

आता ज्यांनी आधीच घेतले आहे त्यांचे काय? मैत्रिणींनो, अशी घरे थोडी नाहीत. पुण्याच्या कडेने कितीतरी वस्त्या अशाच गुंठ्या-गुंठ्याने उभ्या राहिल्या. त्या नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला, २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. तुकडेबंदी मोडून झालेले व्यवहार नियमित करायला आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के भरावे लागत, २०२४ मध्ये ते ५ टक्क्यांवर आले. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यादेश निघाला आणि शहरी हद्दीतले, निवासी पट्ट्यातले, गावठाणालगतचे १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ ह्या काळातले तुकडे शुल्क न घेता नियमित करायचे ठरले. ज्यांचे व्यवहार ह्यात बसतात त्यांनी कागद घेऊन तहसील कचेरीत जरूर जावे, दिरंगाई करू नये.

पण विकणाऱ्यांनी ह्याचा लगेच अर्थ लावला, "आता कायदाच उठला, घ्या बिनधास्त!" तसे नाही. ती सवलत झालेल्या व्यवहारांना आहे आणि ठराविक भागापुरती आहे. हिरव्या पट्ट्यातल्या शेताचा नवा तुकडा आज घेतला तर त्याला ती लागू नाही. शिवाय तुकडा नियमित झाला म्हणून त्यावरचे बांधकाम मंजूर होत नाही, आणि रस्ता, ड्रेनेज, पाणी आपोआप येत नाही. भोवतालच्या कितीतरी वसाहतींत उन्हाळ्यात टँकरवर किती खर्च होतो ते तिथे राहणाऱ्या बाईलाच विचारावे. जागा बघायला जायचे तर मे महिन्यात जावे आणि एकदा पावसाळ्यात जावे, हे माझे स्वतःचे मत.

शेतकऱ्यांनीच जमिनीचे तुकडे न पाडता शहर उभे केल्याचे उदाहरणही पुण्यातच आहे. हडपसरला मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र ठेवली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि २००० च्या सुमारास बांधकाम सुरू केले. सतीश मगर ह्यांनी त्याचा पुढाकार घेतला. ज्यांचे गुंठे विकून गाड्या आल्या आणि गेल्या, त्यांच्या शेजारी हे लोक आज भाडे आणि लाभांश घेत आहेत. मात्र त्यासाठी भाऊबंदकी बाजूला ठेवावी लागते, आणि ते सगळ्यांना जमते असे नाही.

आता तो सातबारा हातात घ्या. महाभूलेखवर तो घरबसल्या पाहता येतो, सहीचा डिजिटल उतारा पंधरा रुपयांत मिळतो. वरचा भाग गाव नमुना सात, त्यात मालक कोण ते असते. खालचा बारा, त्यात पीक. आधी विकणाऱ्याचे नाव आहे का बघा. पुष्कळदा ते नसतेच, त्याच्याकडे मूळ मालकाचे नुसते कुलमुखत्यारपत्र असते. मग 'भोगवटादार वर्ग १' आहे की २ ते पाहा. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीवाचून ती जमीन विकता येत नाही. त्यानंतर 'इतर हक्क' हा रकाना. बायकांनी हा सर्वांत आधी वाचावा असे मला वाटते, कारण घरातल्या खऱ्या गोष्टी अशाच कोपऱ्यात लिहिलेल्या असतात! सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, कोर्टातला दावा इथे सापडतो. फेरफारांचे क्रमांक असतात, त्यांचे उतारे मागून घ्या. आणखी एक. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून घेता येत नाही, आराखड्यात निवासी वगैरे दाखवलेल्या काही जमिनींना तेवढी सवलत आहे. कोणी "दाखला आम्ही काढून देतो" म्हणाले तर त्याच क्षणी उठावे. आणि नोटरीपुढे केलेल्या कागदाने जमीन आपली होत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदवावेच लागते. ते नोंदवूनही मालकीची हमी सरकार देत नाही, म्हणून वकिलांकडून मागच्या तीस वर्षांचा शोध घ्यावा. पाटल्या मोडायच्याच असतील तर त्यातली एक बांगडी वकिलाच्या फीला गेली तरी चालेल.

फेरफारात आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे बहिणींची नावे. वडील वारल्यावर फक्त भावांची नावे लागली असतील तर थांबा. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. बहिणीची सही नसलेली जमीन घेतली तर उद्या ती दावा लावू शकते, आणि तिचे काही चुकणारही नाही.

हे लिहिताना मनात येते, आपल्यापैकी कितीतरी जणी स्वतःच अशा बहिणी आहेत. माहेरून फोन येतो, "ताई, एका सहीसाठी ये, हक्कसोडपत्र करायचंय." साडी-चोळी होते, पुरणपोळी होते आणि सही होते. द्यायचे असेल तर जरूर द्यावे, भावाची परिस्थिती आपल्याला माहीत असते. पण त्या जमिनीला आता गुंठ्याने भाव आलेला आहे, आणि सही झाल्यावर दोन महिन्यांनी तिथेच चुन्याच्या फक्क्या पडणार आहेत का, एवढे तरी आधी विचारावे. वाटप हवे असेल तर सर्वांच्या संमतीने तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, प्रत्येक वेळी कोर्टात जावे लागत नाही.

राहता राहिला प्रश्न खरेदीखतावर नाव कोणाचे. पैसे दोघांचे असतील तर नावे दोघांची, ह्यात रुसण्यासारखे काही नाही. फ्लॅट किंवा घर फक्त बाईच्या नावे घेतले तर एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, मोकळ्या प्लॉटला ती मिळत नाही. आणि सहीला जाताना चष्मा न्यायला विसरू नका. तिथे घाई फार करतात.