गोधडीचं वजन कुणी उचलायचं?

घरच्या शिलाई मशीनवर गोधडी किंवा रजई शिवायला घेतली की पहिला दोष जागेच्या माथी जातो. सुई आणि मशीनचा उभा खांब यांच्यात जेमतेम साडेसहा इंच, त्यातून 90 इंच रुंदीची डबल बेडची गोधडी सरकणार कशी? हिशेब मात्र वेगळंच सांगतो. मधोमध टीप मारताना खांबाच्या आतल्या बाजूला फार तर अर्धी गोधडी येते, म्हणजे 45 इंच. दाबल्यावर तिची जाडी पाव इंच धरली तर छेद भरतो सव्वाअकरा चौरस इंच. आतली पोकळी साडेचार इंच उंच धरली तरी ती 29 चौरस इंचांच्या वर जाते. मधून सुरुवात करून उजव्या कडेकडे सरकत गेलं की आत कोंबायचा भाग दर टिपेला कमीच होतो, आणि मग गोधडी फिरवून उरलेला अर्धा भाग घ्यायचा. थोडक्यात, गोधडी मावते. मावूनही ती अडते, टाके वेडेवाकडे पडतात, सुया मोडतात. याचं कारण बहुतेक वेळा वजनात असतं, आणि ते वजन टेबलाने पेलायचं असतं, मशीनने नव्हे.

मशीनचे दाते दर टाक्याला कापड अडीच-तीन मिलिमीटर मागे सरकवतात. गोधडी टेबलाच्या मागच्या कडेवरून खाली लोंबत असेल तर ती कापड आणखी मागे ओढून नेते. टाके लांबतात, सुई वाकते आणि प्लेटवर आपटून मोडते. तीच शिवणाऱ्याच्या मांडीत साचली असेल तर दात्यांना सगळं ओझं वर खेचावं लागतं, कापड जागीच घुटमळतं आणि टाके बारीक होत एकमेकांवर चढतात. डावीकडे घसरली तर रेघ तिरपी जाते. टाक्यांकडे नीट पाहिलं तर वजन कुठे लोंबतंय ते कळतं. अशा वेळी अनेक जण दोऱ्याचा ताण कमीजास्त करत बसतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

हाताने शिवलेल्या गोधडीला ही अडचण कधी आली नाही. जुनी लुगडी, धोतरं जमिनीवर अंथरायची, त्यावरच बसायचं आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. सगळा भार जमिनीवर, हातात फक्त सुईपुढचं वीतभर कापड. दुसऱ्या टोकाला रजईकामाची मोठी लाँगआर्म मशीन आहे. तिच्यात रजई चौकटीवर ताणलेली असते आणि मशीनच रुळांवरून फिरते. तिचा लांब हात सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो, पण खरी सोय त्या चौकटीत आहे: शिवणाऱ्याला रजई उचलावीच लागत नाही. तेव्हा ‘मोठी मशीन घेतल्याशिवाय जमायचं नाही’ या आक्षेपात अर्धंच तथ्य आहे. जागा वाढली तर आराम मिळेल हे खरं, पण मोठी मशीन छोट्या टेबलावर ठेवली तरी गोधडी लोंबणारच. उलट, पायाने चालवायच्या जुन्या मशीनचा तळ लाकडी टेबलात बसवलेला असतो, कापड सपाट पसरतं. विजेची सुटसुटीत मशीन टेबलावर उंच उभी राहते आणि गोधडी तिच्या कडेवरून खाली पडते. तिच्या डाव्या बाजूला त्याच उंचीचं फळकूट किंवा जाड पुस्तकांची चळत लावावी, मागे टेबल भिंतीला टेकवावं, डावीकडे इस्त्रीचं टेबल जोडून घ्यावं. खर्च काही नाही.

गोधडीची घट्ट वळकटी करून ती क्लिपांनी बांधा, असा सल्ला सर्रास दिला जातो. लांब सरळ टिपांसाठी तो ठीक आहे. पण वळकटी ताठ असते. थोडं वळायचं म्हटलं तरी सगळीच हलवावी लागते. त्यापेक्षा गोधडी सैलसर गोळा करून सुईभोवती ढिगासारखी ठेवावी आणि दोन तळव्यांमध्ये मावेल एवढाच भाग सपाट करावा. अर्थात टेबलाने सगळंच सुटत नाही. दाते खालचा थर सरकवतात, वरचा मागे राहतो आणि अस्तराला चुण्या पडतात. हा त्रास सपाट टेबलावरही होतो. त्याला वरचा थरही सोबत सरकवणारा वॉकिंग फूट, 90 किंवा 100 नंबरची सुई आणि तळहाताच्या अंतरावर लावलेल्या सेफ्टी पिना किंवा कच्चे टाके लागतात. मशीनवर मधून बाहेर जायचं तेही यासाठीच. ढकललं गेलेलं सैल कापड कडेला निघून जातं, मधोमध अडकत नाही.

एक आक्षेप वेळेचा आहे. वीतभर शिवायचं, सुई कापडात रुतवून थांबायचं, ढीग पुन्हा मोकळा करायचा, मग पुढची वीत. असं केलं तर गोधडी संपणार कधी? काम रेंगाळतं हे मान्यच. पण सलग मारलेल्या टिपेत मागच्या बाजूला चुणी निघाली की सगळे थर धरून तेवढा भाग उसवावा लागतो. जाड गोधडीत रुतलेले बारीक टाके उसवणीने एकेक उचलायला टीप मारण्याच्या कित्येक पट वेळ जातो, आणि जुन्या साडीचं विरलेलं सूत त्यात फाटतं ते वेगळंच.