क्षेत्रकार्यातील बिनतारी प्रवेशबिंदू

बोलींच्या अभ्यासासाठी खेड्यात उतरणाऱ्या अभ्यासकांपुढे आज पहिली अडचण उभी राहते ती ध्वनिमुद्रणाची नव्हे. चांगले मुद्रणयंत्र हाताच्या मुठीत मावते. अडचण येते ती मुद्रित झालेला ध्वनी एकमेकांस पोचविण्याची. सेकंदास ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास १६ बिट हे परिमाण धरले, तर एका मायक्रोफोनवरून केलेल्या तासाभराच्या मुद्रणास सुमारे ३१८ मेगाबाइट जागा लागते. चौघा अभ्यासकांनी दिवसाकाठी प्रत्येकी तीन तास मुद्रण केले, की संध्याकाळी पावणेचार गिगाबाइटांहून अधिक सामग्री जमते. मोबाइलचे जाळे क्षीण असलेल्या गावातून ती दूरच्या सर्व्हरवर चढविणे म्हणजे रात्र घालविणे होय. आणि पेनड्राइव्ह हातोहात फिरविला, तर मूळ प्रत कोणती व दुरुस्त केलेली कोणती, याचा मेळ चार दिवसांत नाहीसा होतो.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव-जामोद तालुक्यात बोलली जाणारी निहाली कोणत्याही ज्ञात भाषाकुलात निर्विवादपणे बसत नाही, म्हणून तिचा प्रत्येक तास मोलाचा. परंतु अशा भाषेच्या वक्त्याचा आवाज त्याने स्वतः ऐकून संमती देण्यापूर्वीच कोठल्यातरी दूरदेशीच्या सर्व्हरवर जाऊन पडावा, हे उचित म्हणता येणार नाही. सामग्री गावातच एकत्र करावी, गावातच ऐकवावी व मग बाहेर न्यावी, हा क्रम पाळावयाचा असेल, तर गावातच उभे राहणारे व बाहेरच्या जगाशी न जोडलेले जाळे हवे. तळहाताएवढ्या एकफलकी संगणकाचा बिनतारी प्रवेशबिंदू केल्यास असे जाळे थोडक्या खर्चात उभे राहते.

येथे एका शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. ‘इथे वायफाय आहे का?’ असे आजचा मराठी भाषक विचारतो, तेव्हा त्याला इंटरनेट हवे असते. साधनाचे नाव साध्यास मिळाले आहे. ही लक्षणा आता इतकी रूढ झाली आहे की मूळ वाच्यार्थच लोपल्यासारखा झाला आहे. वस्तुतः वायफाय म्हणजे जवळजवळच्या यंत्रांनी रेडिओलहरींच्या द्वारे परस्परांशी केलेला व्यवहार, एवढेच. त्या व्यवहारास बाहेरचे दार असलेच पाहिजे असे नाही. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अलोहा’ नावाचे जाळे चालू केले, त्याचा हेतूही बेटाबेटांवरील यंत्रे विद्यापीठाच्या संगणकाशी जोडावी इतकाच होता. आजचे बिनतारी जाळे ज्या मानकावर चालते ते ‘८०२.११’ मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्या पहिल्या रूपात वेग सेकंदास जास्तीत जास्त २ मेगाबिट होता.

एकफलकी संगणकांत सर्वांत परिचित रास्पबेरी पाय होय. इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका संस्थेने तो २०१२ च्या फेब्रुवारीत बाजारात आणला. मुलांनी संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकावे, हा त्यामागील उद्देश. आरंभीच्या फलकावर रेडिओ नव्हता; तो बाहेरून जोडावा लागे, आणि बाहेरून जोडलेला प्रत्येक रेडिओ प्रवेशबिंदू होऊ शकतोच असे नसे. २०१६ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून रेडिओ फलकावरच आला व ही कटकट संपली.

प्रवेशबिंदू हे एक काम वाटते, पण ती चार कामे आहेत, आणि ती वेगवेगळी ओळखल्यावाचून पुढचे काहीच नीट उमगत नाही. पहिले काम आपले अस्तित्व पुकारण्याचे व येणाऱ्यास पारखून आत घेण्याचे. फलकावरील रेडिओ सेकंदास सुमारे दहा वेळा जाळ्याचे नाव पुकारतो. मोबाइलच्या पडद्यावर नावांची जी यादी दिसते ती या पुकाऱ्यांची. लिनक्स प्रणालीत हे काम योउनी मालिनेन यांची ‘होस्टएपीडी’ ही आज्ञावली करते. नावाच्या अखेरीस असलेला ‘डी’ हा ‘डीमन’ या शब्दाचा शेष. पडद्याआड अखंड राबणाऱ्या आज्ञावलीस युनिक्सच्या परंपरेत डीमन म्हणतात. मराठीत तिला वेताळ म्हणावयास हरकत नसावी. दुसरे काम आत आलेल्या प्रत्येक यंत्रास अंकात्मक पत्ता देण्याचे. तिसरे काम नावावरून पत्ता सांगण्याचे, म्हणजे कोणी एखादे सोपे नाव टंकित केले असता ते कोणत्या यंत्राचे हे कळविण्याचे. ही दोन्ही कामे सायमन केली यांची ‘डीएनएसमास्क’ ही एकच आज्ञावली सांभाळते. चौथे काम आतील यंत्रांचे संदेश बाहेरच्या जाळ्यात पोचविण्याचे व उत्तरे परत आणून ज्याची त्यास देण्याचे.

क्षेत्रकार्यास पहिली तीन कामे पुरतात. चौथे मुद्दाम वगळावे. प्रवेशबिंदूविषयीच्या बहुतेक मार्गदर्शनात सर्वाधिक पाने या चौथ्या कामावरच खर्ची पडतात: फलकाने आपल्यामागे स्वतंत्र उपजाळे राखावयाचे, की नुसता पूल होऊन वरच्या राउटरनेच पत्ते द्यावयाचे, याची चर्चा तेथे असते. घरासाठी ती योग्य आहे. शिबिरात वरचा राउटरच नसतो. शिवाय फलकावरील एकच रेडिओ एका वेळी एकाच वाहिनीवर राहू शकतो, त्यामुळे त्याच रेडिओने बाहेरचे वायफाय घ्यावयाचे व आतलेही पुरवावयाचे म्हटले की दोन्ही जाळी एकाच वाहिनीवर आणावी लागतात, आणि वेगही वाटला जातो.

प्रत्यक्ष मांडणी पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपी झाली आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात फलकाच्या प्रणालीची ‘बुकवर्म’ ही आवृत्ती आली, तेव्हापासून ‘नेटवर्कमॅनेजर’ हा व्यवस्थापक तिच्यात मुळातच असतो. जाळ्याचे नाव व किमान आठ अक्षरांचा परवलीचा शब्द दिला, की पत्ते वाटण्यापर्यंतची सारी कामे तो लावून देतो. फलकास स्वतःला बहुधा १०.४२.०.१ हा पत्ता मिळतो. मात्र त्याआधी देश कोणता हे प्रणालीस सांगावे लागते. न सांगितल्यास अलीकडील फलकांवर रेडिओ बंदच राहतो. हा यंत्राचा लहरीपणा नव्हे. कोणत्या लहरी किती शक्तीने वापरता येतील हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवितो. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यास २००५ पासून परवाना लागत नाही. जाड भिंतींच्या घरांतून ५ गिगाहर्ट्झपेक्षा हाच पट्टा अधिक दूर पोचतो. त्यातील १, ६ व ११ या वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत. त्यांपैकी एक घ्यावी. सेकंदास २० मेगाबिट इतका माफक वेग मिळाला, तरी तासाभराचे मुद्रण सुमारे दोन मिनिटांत फलकावर उतरते.

जाळे उभे राहिल्यावर बहुधा पहिलीच तक्रार येते की ते चालत नाही. मोबाइल जाळ्यास जोडला गेला, की एका ठरीव दूरच्या पत्त्याशी संपर्क होतो का हे तो पाहतो; होत नाही असे दिसताच ‘इंटरनेट नाही’ अशी सूचना देतो आणि पुष्कळदा गुपचूप सिमकार्डाच्या जाळ्याकडे वळतो. मग फलकावरील पृष्ठ उघडत नाही. ‘तरीही जोडलेले ठेवा’ हा पर्याय निवडावयास प्रत्येकास आधीच सांगून ठेवावे.

भाषाशास्त्रीय सामग्रीस खरा धोका आहे तो घड्याळाचा. चौथ्या आवृत्तीपर्यंतच्या फलकांवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत ते आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. इंटरनेट असते तेव्हा फलक वेळ तेथून घेतो. ते नसल्यास तो सुरू होताना शेवटी नोंदलेल्या वेळेपासूनच पुढे मोजू लागतो. रात्री बंद केलेला फलक सकाळी कालची रात्रच चालू आहे असे समजतो, आणि त्यावर त्या दिवशी लिहिलेल्या लिप्यंतरांवर चुकीच्या तारखा पडतात. एकाच शब्दाची दोन लिप्यंतरे हाती असता नंतरचे कोणते हे ठरविण्यासाठी तारखेचाच आधार घ्यावा लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे हानीची कल्पना येईल. फलकाच्या टाचण्यांवर बसणारे स्वस्त घड्याळ मिळते, ते बसवावे. तथापि प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी दिनांक, गाव व वक्त्याचा संकेतक्रमांक तोंडी उच्चारण्याची जुनी शिस्त याहून भरवशाची आहे.

विजेचा हिशेब सोपा आहे. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॉट-तास ऊर्जा असते. गळती वजा जाता ३० धरावी. फलकाने ४ वॉट घेतले तर सात-साडेसात तास निघतात. तार अचानक उपसल्यास मात्र स्मृतिपत्रावरील लेखन बिघडू शकते. म्हणून फलक रीतसर बंद करावा आणि रोज रात्री दुसरी प्रत वेगळ्या साठवणीवर काढून ठेवावी.

परवलीचा शब्द शिबिराच्या भिंतीवर लिहिला की तो गुप्त राहत नाही. ‘डब्ल्यूपीए-२’ या प्रचलित रक्षणपद्धतीत सर्वांचा शब्द एकच असतो, आणि तो ज्याला ठाऊक आहे असा जाणकार इतरांचा व्यवहारही टिपून वाचू शकतो. यास्तव वक्त्याने ज्यास मोकळी संमती दिली तेवढेच मुद्रण सर्वांच्या कप्प्यात ठेवावे. कौटुंबिक कलह, विधी, औषधे यांविषयीचे बोलणे सांकेतिक रूपात बंद करूनच फलकावर ठेवावे, किंवा ठेवूच नये. मोकळ्या कप्प्यातील मुद्रण मात्र वक्ते आपापल्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा ऐकू शकतात. लिप्यंतरकाराने चुकीचा ऐकलेला स्वर तेथल्या तेथे दुरुस्त होतो, आणि एखादे वाक्य काढून टाकावयाचे असेल तर तेही वेळीच सांगता येते.

अशा श्रवणास सारी वस्ती जमली तर फलकावरील रेडिओ अपुरा पडतो, कारण त्यास एका वेळी मोजकीच यंत्रे सांभाळता येतात. तेव्हा बाजारातील एखादा साधा राउटर इथरनेटच्या तारेने फलकास जोडून पुकारण्याचे काम त्याच्याकडे द्यावे आणि फलकाकडे भांडार तेवढे ठेवावे.