गव्हाच्या मुळाशी कोण राहतं?

गव्हाच्या मुळांत नील-हरित शेवाळ वस्तीला आणलं की युरियाची गोणी नको, अशी बातमी अधूनमधून झळकते. अगदीच निराधार नाही ती. मिरोस्लाव गंतार आणि सहकाऱ्यांनी 1991मध्ये दाखवलं, की मातीतलं काही शेवाळ गव्हाच्या मुळांना खरोखर घट्ट चिकटतं. पण चिकटणं वेगळं आणि नांदणं वेगळं.

नांदणं पाहायचं तर बागेतला सायकस बघा. त्याची काही मुळं खाली जायचं सोडून वर येतात. त्यांना प्रवाळमुळं म्हणतात. एखादं आडवं कापलं तर आत हिरवं कडं दिसतं. ते नॉस्टॉक नावाचं नील-हरित शेवाळ! मुळाच्या आतल्या अंधारात प्रकाशसंश्लेषण कुठलं? झाड साखर पुरवतं, शेवाळ नत्र देतं. हवेतला नत्र पकडणाऱ्या विकराचं ऑक्सिजनशी हाडवैर, त्यामुळे ते काम जाड भिंतींच्या खास पेशींत चालतं. एरवी शेवाळाच्या तंतूत अशी पेशी दहा-वीस पेशींमागे एक, मोहनमाळेत मध्येच मोठा मणी यावा तशी. प्रवाळमुळाच्या जुन्या भागात मात्र दोन-तीन पेशींमागे एक. निम्मा संसार जणू यजमानासाठीच! गव्हाकडे किंवा भाताकडे अशी खोलीच नाही.

तरीही भाताला या शेवाळाचा नत्र मिळतो, आणि ते आपल्याला पी. के. डे यांच्यामुळे कळलं. बंगालमधली खाचरं खताशिवाय वर्षानुवर्षं पिकतात कशी, याचा छडा लावताना त्यांनी 1939मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं: श्रेय मुख्यतः पाण्यातल्या शेवाळाचं. जीवाणूखतांच्या पाकिटांवर सोडाच, शाळेच्या पुस्तकातही डे यांचं नाव मला कधी दिसलं नाही. पुढे बनारसच्या आर. एन. सिंह यांनी याच शेवाळाने उसर, म्हणजे खारवट नापीक, जमिनी सुधारून दाखवल्या.

खाचरातला व्यवहार मात्र मुळाशी भागीदारीचा नव्हे. शेवाळ वाढतं, मरतं, कुजतं. मग त्यातला नत्र भाताला लागतो. म्हणजे काही आठवड्यांची उधारी. वर युरिया फेकला तर आयता नत्र मिळालेलं शेवाळ हवेतला पकडायचं बंद करतं. खताच्या पाकिटातून आणून सोडलेल्या शेवाळाचं तर आणखी कठीण. खाचरातलं गावठी शेवाळ आधीच जागा धरून बसलेलं असतं, आणि पाण्यातले बारीक कवचधारी किडे व गोगलगायी नव्या पाहुण्याला जेवणच समजतात.