निर्वासिताचे धैर्य : सेनेका, राजाजी आणि उल्हासनगर

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत तेव्हा फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसे राहत होती. उल्हास नदीवरून वसाहतीला नाव मिळाले. ‘कॅम्प नंबर’ मात्र पत्त्यांतून अजून गेलेला नाही. राजाजी हे रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचे चिंतन तमिळमध्ये नेणारे लेखकही होते. हा योगायोगच, पण त्यातून एक प्रश्न पुढे येतो. घरदार सुटलेल्या माणसाला रोमन विचार काय देऊ शकतो?

याचे सर्वांत थेट उत्तर सेनेकाकडे आहे. सम्राट क्लॉडियसने इ.स. ४१ मध्ये त्याला कॉर्सिका बेटावर हद्दपार केले. तेथून त्याने आई हेल्विया हिला सांत्वनपर पत्र लिहिले. त्याचा युक्तिवाद असा : रोममधली निम्म्याहून अधिक माणसे बाहेरून आलेली आहेत, रोमचा मूळपुरुष एनियस हाही ट्रॉयच्या पाडावानंतर परागंदा झालेला. भोवतालची सृष्टी आणि स्वतःचे सद्गुण या दोन गोष्टी माणसाबरोबर सगळीकडे येतात. धैर्य म्हणजे दुःख नाकारणे नव्हे, तर ते जाणवूनही त्याला ताब्यात ठेवणे.

मात्र याच सेनेकाने कॉर्सिकातूनच क्लॉडियसच्या दरबारातील पॉलिबियसला लिहिताना सम्राटाची मनसोक्त स्तुती केली. हेतू सुटकेचा होता. इ.स. ४९ मध्ये तो परतला. यामुळे त्याचा विचार खोटा ठरत नाही; तो आचरणात आणणे किती कठीण, एवढे मात्र कळते.

मार्कस ऑरेलियस (राज्यकाल इ.स. १६१ ते १८०) हा दुसऱ्या टोकाचा माणूस. साथीचा रोग आणि डॅन्यूबकाठची युद्धे चालू असताना त्याने ग्रीक भाषेत स्वतःसाठी टिपणे लिहिली. आज कृतघ्न, लुडबुडी माणसे भेटतील, हे तो सकाळीच मनाला बजावतो. आणि तरीही ती आपल्याच नात्याची आहेत, हात-पायांसारखी एकमेकांसाठी घडलेली आहेत, असे म्हणतो. राजवस्त्राचा रंग स्वभावाला चढू नये, ही त्याची धास्ती. नेतृत्वाची सुरुवात त्याच्या लेखी इथून होते.

या शिकवणीला एक मर्यादा आहे. सेनेकाला परतायला रोम होते. कॅम्पमधल्या माणसांना परतीची वाट नव्हती. त्यांना आधी छप्पर, पाणी आणि रेशन हवे होते. ती जबाबदारी शासनाची. सहनशीलतेचा उपदेश तिची जागा घेऊ शकत नाही. त्यांनी बरोबर आणले ते व्यापाराचे कसब आणि भाषा. स्वतःचे राज्य नसलेली सिंधी १९६७ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, हा त्या चिकाटीचा पुरावा.

सेनेकाच्याच शतकातले ‘पेरिप्लस’ हे ग्रीक नौकामार्गदर्शक कल्याणचा उल्लेख करते. चुकून तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला पाठवली जात, असे त्यात आहे. परक्याकडे संशयाने पाहणे या खाडीला जुनेच. आज मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे अंबरनाथ-बदलापूरला येतात आणि दहा-वीस वर्षांत तीच नव्याने येणाऱ्यांना ‘बाहेरचे’ म्हणू लागतात. सेनेकाने आईला करून दिलेली रोमची शिरगणती आपल्या प्रत्येक गृहसंकुलाला लागू पडते.